‘हेअर’: नाटकात क्लॉड मरते, सिनेमात बर्जर. असं काहून?

वडसेकर: मी पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत नाटकात ऑर्गन वाजवतो. धान निघालं की रात्रभर नाटक, दिवसा झोप. परवा खाटेवर पडून मोबाईलवर मिलोश फॉरमनचा १९७९चा ‘हेअर’ हा अमेरिकन संगीत सिनेमा पाहिला. शेवटी हिप्पी बर्जर सैन्यात गेलेल्या मित्राच्या, क्लॉडच्या जागी छावणीत थांबते अन् त्यालेच व्हिएतनामले नेतात. विमानाच्या काळ्या पोटात ते रांग शिरते, तवा काटाच आला. मूळ नाटकात असं नाही म्हणतात. खरं का?

चंद्रपूरची: खरं आहे. १९६८ला ब्रॉडवेवर आलेल्या नाटकात क्लॉड हिप्पी टोळीतलाच. लष्कराचं बोलावणं आल्यावर जायचं की नाही, हीच त्याची घालमेल, आणि मरतो तोच. सिनेमाने त्याला ओक्लाहोमाचा पोरगा केलं. मूळ लेखक राडो आणि रॅग्नी यांना सिनेमा पटला नव्हता.

दंडारवाला: नाटकात गोष्ट कमीच, गाण्यामागून गाणं. आपल्या दंडारीच्या लोकनाट्यासारखं. पडद्यावर दोन तास कसं टिकलं असतं? पण ट्वायला थार्पनं बसवलेला सिनेमातला नाच पाहिला का? पार्कात पोलिसांचे घोडेही ठेका धरतात!

वडसेकर: घोडे दोनदा मागं नेऊन पाहिले ना भाऊ. राडोसाहेब नाराज असतील, पण मले खेड्यातलाच क्लॉड पटला. बाप बसपाशी सोडते, दोघायलेही बोलता येत नाही. पह्यल्यांदा नागपूरले गेलो तवा माह्या बाबानं फक्त एवढंच इचारलं, “चिल्लर हाय ना?”