मदत हवी आहे: राष्ट्राध्यक्षाला हटवायचं कोणी, संसदेने की कोर्टाने?

मंडळी, पुतणी सोलापुरात लॉ करतेय. वादविवाद स्पर्धेत तिच्याकडे कोर्टाची बाजू आली आहे. आपल्याकडे कलम ६१ प्रमाणे राष्ट्रपतींवरचा महाभियोग संसदच चालवते. राष्ट्रपतींच्या निवडणुकीचा वाद मात्र कलम ७१ प्रमाणे सुप्रीम कोर्टात जातो. मला स्वतःला दक्षिण कोरियाची पद्धत मनापासून पटते. संसद ठराव करते, अंतिम निकाल घटना न्यायालयाचा. २०१७ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षा पार्क ग्युन-हे यांचं पद असंच गेलं. पण ‘लोकांनी निवडलेल्याला न्यायाधीशांनी का काढावं?’ इथे पोरगी अडते. वहीत प्रश्न लाल पेनाने लिहिलाय, खाली पान कोरं. याला ठोस उत्तर काय द्यावं? संविधान सभेतली यावरची चर्चा मराठीत हिराचंद नेमचंद वाचनालयात मिळेल का?