सभेकडून करार 'रॅटिफाय' करून घ्यायचा, तर विषयपत्रिकेत शब्द कोणता?

इंदिरानगरकर (नाशिक): सोसायटीचं सचिवपद यंदा गळ्यात पडलंय. गेल्या पावसाळ्यात लिफ्ट बंद पडली, तेव्हा आधीच्या कमिटीने सभेला न विचारताच देखभालीच्या करारावर सही केली. आता ऑडिटर म्हणतात, 'सभेकडून रॅटिफाय करून घ्या.' मंजूर करणे, कायम करणे, अनुसमर्थन, यातलं काय लिहू? अनुसमर्थन लिहिलं तर दुसऱ्या मजल्यावरचे काका आधी अर्थ विचारतील, मग बिल.

जुना कारकून: जन्मभर टिपण्या लिहिल्या, म्हणून सांगतो. 'कायम करणे' इतिवृत्तापुरतं ठेवा. त्याचा अर्थ एवढाच, की मागच्या सभेत जे झालं तेच लिहिलंय. तुमचं प्रकरण 'कार्योत्तर मंजुरी'चं. 'लिफ्ट देखभालीसाठी व्यवस्थापक समितीने केलेल्या करारास कार्योत्तर मंजुरी देणे.' बास. नुसतं 'मंजूर करणे' लिहिलंत तर करार अजून व्हायचाय असं वाटेल. आणि 'अनुमोदन' तर नकोच. ते सूचकाच्या मागे उभं राहणाऱ्याचं काम.

सीबीएसवाला वकील: कारकूनसाहेबांशी सहमत. कायद्याच्या मराठीत मात्र अनुसमर्थनच. भारतीय करार कायदा, 1872, कलम 196 ते 200 वाचा. परवानगी नसताना कुणी आपल्या वतीने काम केलं आणि आपण ते मागाहून स्वीकारलं, तर ते परवानगीनेच केल्यासारखं धरतात. पण दोन अटी आहेत. स्वीकारणाऱ्याला महत्त्वाची माहिती अपुरी असेल तर ते वैध नाही (198). आणि दर पसंत, मुदत नापसंत, अशी निवड करता येत नाही; घ्यायचा तर अख्खा व्यवहार (199). तेव्हा कराराची प्रत सभेपुढे ठेवा, नुसता आकडा वाचून दाखवू नका.

एमपीएससी_पंचवटी: आमच्या अभ्यासात हा शब्द आंतरराष्ट्रीय करारांत येतो. पॅरिस करारावर भारताची सही 22 एप्रिल 2016 ला आणि अनुसमर्थन 2 ऑक्टोबरला. अमेरिकेने अणुचाचणीबंदी करारावर 1996 मध्ये सही केली, पण 1999 मध्ये सिनेटने तो फेटाळला. जीएसटीच्या घटनादुरुस्तीलाही किमान निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांचं अनुसमर्थन लागलं होतं.

सीबीएसवाला वकील: उदाहरणं बरोबर, पण जात वेगळी. तिथे सही अधिकारानेच झालेली असते, फक्त देश त्यापुढच्या पायरीवर बांधला जातो. सोसायटीत अधिकाराविना झालेलं काम मागून पदरात घ्यायचंय. गंमत म्हणजे आपल्याकडे आंतरराष्ट्रीय कराराच्या अनुसमर्थनाला संसदेची मंजुरी सक्तीची नाही, आणि लिफ्टसाठी मात्र सगळी बिल्डिंग गोळा करायची!

इंदिरानगरकर: 'कार्योत्तर मंजुरी' पक्कं. कराराची प्रत नोटिशीसोबतच वाटतो.

जुना कारकून: उत्तम. 14 पूर्ण दिवस द्या, त्यात नोटिशीचा आणि सभेचा दिवस धरू नका. आणि ठरावाखाली सूचक-अनुमोदकांची नावं लिहा, 'सर्वानुमते' लिहून मोकळे होऊ नका.