बायको असताना हायकोर्ट कशाला?

कृष्णाकाठ
काल इथे मुळामुठा यांनी लिहिलं, ‘कोमातल्या माणसाच्या पालकत्वासाठी हायकोर्टात जाणं म्हणजे वकिलांची धन. आधीच कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी) करून ठेवा, विषय संपला.’ असले सल्ले वाचून लोक गाफील राहतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

माझ्या मेव्हण्यांना ब्रेन स्ट्रोक झाला. मुखत्यारपत्र होतं. बँकेने हातात घेतलं आणि परत दिलं. करार कायद्याचं कलम २०१ बघा: लिहून देणाऱ्याची बुद्धी चालेनाशी झाली की अधिकार संपतो. म्हणजे नेमकी गरज पडते तेव्हाच तो कागद निकामी. मग बँकेतूनच कोणीतरी सुचवलं, ‘अंगठा घेऊन या.’ ताई शाईचं पॅड घेऊन आयसीयूत गेली. बोटं इतकी सुजलेली की ठसाच उमटेना. सिस्टरने पॅड काढून घेतलं, तेच बरं झालं.

१८९० चा पालकत्व कायदा अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या मुलांपुरता. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातला नामनिर्देशित प्रतिनिधी उपचारांचं बघतो, एफडी मोडू शकत नाही. कोमासाठी वेगळा कायदाच नाही, म्हणून राज्यघटनेच्या कलम २२६ खाली हायकोर्टात रिट अर्ज.

मुळामुठा
सप्तपदी घातलेल्या बाईने स्वतःच्या घरच्या पैशासाठी न्यायाधीशापुढे उभं राहायचं? आयसीयूचं बिल कोर्टाच्या तारखेसाठी थांबतं का?

सईची_आई
माझी मुलगी सेरेब्रल पाल्सीची. अठरा पूर्ण झाली आणि माझी सही चालेना. हे आधी कोणी सांगतच नाही! आमच्यासाठी १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करता येतो. स्ट्रोकवाल्यांना तशी सोय का नाही?

देवगडी
कोणाच्याही हाती कारभार देण्याआधी कोर्टाची चौकशी हवीच. माझ्या आत्याचं डोकं चालेनासं झाल्यावर दिराने कलमांची बाग स्वतःच्या पोराच्या नावावर केली. कोणी विचारलं नाही.

नागपूरचा_धाकटा
झालं, दीर आला की चोर! वहिनी माहेरी निघून गेली, चार वर्षं भावाची बेडपॅन मी उचलली. आणि कागदावर पहिला हक्क तिचा?

देवगडी
मी आत्याच्या दिराबद्दल बोलले. तुम्ही अंगावर का घेताय?

नागपूरचा_धाकटा
कारण प्रत्येक धाग्यात हेच ऐकतो. सेवा करणारा भाऊ कोणाला दिसत नाही.

कृष्णाकाठ
भाऊ, तुमच्यासाठीच चौकशी लागते. कोमातल्या रुग्णाचा पालक नेमण्याबद्दलची केरळ हायकोर्टाची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. वैद्यकीय मंडळाची तपासणी, तहसीलदार किंवा वरच्या अधिकाऱ्याची घरी भेट, नेमणुकीनंतर दर सहा महिन्यांनी अहवाल. रुग्णाला कोण सांभाळतंय हे घरी आलेल्या माणसाला दिसतं.

मुळामुठा
कलम २०१ वाचलं. मुखत्यारपत्राचं तुमचं खरं आहे, तेवढं मागे घेतो. पण बायकोकडे सहामाही हिशेब मागणं मला पटत नाही ते नाहीच.

देवगडी
दिराकडे मागायचा आणि बायकोला सोडायचं? पैसा दोघांचाही नाही, अंथरुणावर पडलेल्याचा आहे.