पावसाळ्यात वर येणारी, पिवळ्यावरून लाल होणाऱ्या फुलांची ही वेल कोणती?

प्रश्न (त्रिमूर्तीनगर, नागपूर)

नमस्कार. गेल्या दिवाळीनंतर आम्ही एका जुन्या घरात राहायला आलो. मागच्या अंगणात तगरीच्या झुडपांची रांग आहे. उन्हाळाभर तिच्या बुंध्याशी काहीही नव्हते. पण मृगाचा पाऊस पडून पंधरा दिवस होत नाहीत तोच तेथे हिरवे कोंब वर आले आणि तगरीच्या आधाराने चढत आता माझ्या खांद्यापर्यंत पोहोचले आहेत. कळी हिरवट असून मान खाली घालून लोंबते. उमलल्यावर सहा अरुंद, काठाशी नागमोडी असलेल्या पाकळ्या मागे वळून वर उभ्या राहतात. त्या आधी पिवळ्या व टोकाशी तांबड्या असतात आणि काही दिवसांत पूर्ण गडद लाल होतात, त्यामुळे एकाच वेलीवर हिरवी, पिवळी व लाल अशी फुले एकाच वेळी दिसतात.

तण काढताना एक कंदही हाती आला. तो बोटाएवढा जाड, तपकिरी आणि मध्येच कोपरासारखा वाकलेला आहे. सासूबाईंना तो कोन या खाण्याच्या कंदाच्या जातीचा वाटला व उकडून पाहावा असे त्या म्हणाल्या. परंतु नाव कळेपर्यंत मी तो बाजूला ठेवला आहे. कृपया ओळख सांगावी.

उत्तर (महाल)

फुले रंग बदलतात आणि वेल झुडपावर चढते, यावरून ही मधुमालती असावी असे वाटते. आमच्या फाटकावर आहे. तिची फुले संध्याकाळी पांढरी उमलतात, मग गुलाबी होतात व शेवटी लाल होतात.

उत्तर (धरमपेठ)

मधुमालती नव्हे. केवळ रंगबदलावरून वेल ओळखू नये, कारण हा गुण परस्परांशी काहीही नाते नसलेल्या अनेक वनस्पतींत आढळतो. मधुमालतीची वेल काष्ठमय व बारमाही असते, तिच्या फुलाला लांब नळी व पाच पाकळ्या असतात आणि फुले घोसाने येतात. आपण वर्णिलेली वेल उन्हाळ्यात जमिनीवर अजिबात नव्हती, शिवाय तिला कंद आहे.

माझा अंदाज पक्का होण्यासाठी आपण दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, पानाचे टोक: ते नुसते निमुळते आहे, की पुढे तणाव्यासारखे होऊन तगरीच्या फांदीला वेटोळे घालते? दुसरी, फुलाच्या मधोमध असलेला हिरवा दांडा: तो सरळ खाली येतो, की बुडाशीच काटकोनात वळून बाजूला जातो? तोपर्यंत तो कंद कृपया स्वयंपाकघराच्या बाहेर ठेवावा आणि हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.

प्रश्नकर्ती

आत्ताच पाहून आले. पानाला देठ नाही आणि त्याचे टोक खरोखरच फांदीभोवती गुंडाळलेले आहे. इतके दिवस ते माझ्या लक्षात कसे आले नाही याचे आश्चर्य वाटते. फुलातील दांडाही बुडाशीच वळून एका बाजूला आडवा गेला आहे व त्याच्या टोकाला तीन बारीक फाटे आहेत.

उत्तर (धरमपेठ)

मग शंका उरत नाही. ही कळलावी आहे. शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा. हे नाव लिनीयसने १७५३ साली दिले. पानाच्या टोकाने चढणे आणि तो काटकोनात वळलेला परागवाहिनीचा दांडा ही तिची खरी ओळख होय, कारण पाकळ्यांचा रंग रोज बदलतो, पण या दोन खुणा बदलत नाहीत. आपल्याला मिळालेला वाकडा कंद हीदेखील मोठी खूण आहे: लांगल म्हणजे नांगर, आणि कंदाच्या त्या आकारावरूनच तिला संस्कृतात लांगली म्हणतात. अग्निशिखा हे नाव फुलावरून पडले. प्रसूतीच्या कळा आणण्यासाठी पूर्वी तिच्या कंदाचा उपयोग करीत, म्हणून कळलावी.

आता अधिक महत्त्वाचे. ही वेल सर्वांगी विषारी आहे, कंद व बिया विशेषतः. आयुर्वेदानेही लांगलीची गणना उपविषांत केली आहे. तिच्यातील कोल्चिसिन हे द्रव्य पेशींचे विभाजन थांबवते, त्यामुळे आतड्याचे अस्तर, अस्थिमज्जा व केसांची मुळे अशा सतत नवे होणाऱ्या भागांवर त्याचा आघात होतो. प्रथम काही तासांत उलट्या व जुलाब सुरू होतात. पुढचे नुकसान नंतर दिसते आणि त्यात माणूस दगावू शकतो. हेच द्रव्य अगदी अल्प, मोजलेल्या मात्रेत संधिवाताच्या एका प्रकारावर डॉक्टर देतात, म्हणून घरगुती औषध समजून कोणीही त्याचा प्रयोग करू नये. कंद रताळे किंवा कोन समजून खाल्ल्याने माणसे दगावलेली आहेत आणि उकडल्याने विष जात नाही. सासूबाईंना हे अवश्य सांगावे. आपण कंद बाजूला ठेवलात, हे फार चांगले केलेत. चुकून कोणाच्या पोटात गेलाच, तर लक्षणांची वाट न पाहता थेट मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात न्यावे आणि वेलीचा तुकडा सोबत घ्यावा.

उत्तर (सक्करदरा)

नावाबाबत एक भर घालतो. काही ठिकाणी कळलावीलाच बचनाग म्हणतात. परंतु बाजारात बचनाग म्हणून मिळते ते हिमालयातील वेगळ्याच विषारी वनस्पतीचे मूळ असते. दोन्ही विषेच, पण वेगवेगळी, म्हणून दवाखान्यात शास्त्रीय नावच सांगावे.

एवढे असले तरी वेल उपटून टाकावी असे मला वाटत नाही. तमिळनाडूचे हे राज्यपुष्प असून तेथे बियांसाठी तिची शेती होते, आणि कोकणात गौरीच्या पूजेत या फुलांना मान आहे. पाऊस सरल्यावर वेल आपोआप वाळेल. जुना कंद दरवर्षी सुकतो व त्याच्या जागी नवा दोन हातांचा कंद तयार होतो. कोंब त्या हातांच्या टोकांतून फुटतो, म्हणून टोक मोडले की ती बाजू वाया जाते. आपल्या काळ्या मातीत पाणी साचून कंद कुजतात, तेव्हा हलवायचेच असेल तर रेती मिसळलेल्या उंच वाफ्यात हलवावे.

प्रश्नकर्ती

आपणा सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. सासूबाईंना फुलातील तो वळलेला दांडा दाखवला. त्यांनी स्वतःच कंद खोल खड्ड्यात पुरला. वेल ठेवायचे आम्ही ठरवले आहे. मात्र तान्ह्या पोळ्याला गल्लीतील मुले लाकडी नंदी घेऊन बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला येतात व थेट मागच्या अंगणापर्यंत जातात, म्हणून त्याआधी तगरीच्या रांगेपुढे जाळी बसवून घेत आहोत. शेंगा धरल्या, तर त्या पिकून लाल बिया बाहेर पडण्यापूर्वीच मी हातमोजे घालून काढून टाकीन.