सफाईच्या मावशींना सुई टोचली, जबाबदारी कोणाची?

सिंहगडरोड_सिस्टर
सिंहगड रोडच्या एका शुश्रूषा केंद्रात मी स्टाफ नर्स आहे. अंथरुणाला खिळलेले आजी-आजोबा, त्यातले बरेच इन्सुलिनवर. आज सकाळी आमच्या मावशी डायपरची काळी पिशवी गाठ मारून उचलत होत्या. पिशवी मांडीला घासली आणि आतली इन्सुलिनची सुई साडीतून थेट आत गेली. टोपण नव्हतं. कोणत्या पेशंटची, कळायला मार्ग नाही. मॅनेजर म्हणाले, "डेटॉलने धुवा, काही होत नाही. त्या आपल्या पेरोलवर नाहीत, कॉन्ट्रॅक्टरला कळवा." कॉन्ट्रॅक्टर फोन उचलत नाही. मावशी तशाच लंगडत फरशी पुसतायत, खाडा पडला तर पगार कापतात. कावीळ बीची (हिपॅटायटिस बी) लस त्यांना कधी कोणी दिलेलीच नाही. काय करू? आणि नियमाने हे कोणी बघायचं? मला हे दाबून टाकायचं नाही.

आयसीसिस्टर_पुणे
ताई, नियमांचं नंतर. आधी मावशींना रिक्षात घाला आणि ससून रुग्णालय गाठा. तिथे एआरटी केंद्र, म्हणजे एचआयव्हीच्या उपचारांचं केंद्र आहे. एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या सरकारी केंद्रात मोफत मिळतात. पहिल्या २ तासांत मिळाल्या तर उत्तम, ७२ तासांनंतर सुरू करत नाहीत. घेतल्या तर २८ दिवस, मध्ये सोडायच्या नाहीत. द्यायच्या की नाही ते डॉक्टर ठरवतील. पण मला खरी काळजी हिपॅटायटिस बीची वाटते. सुईतून एचआयव्ही लागण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, लस न घेतलेल्याला हिपॅटायटिस बीची त्याच्या कितीतरी पट. लस आजच सुरू करा (०, १ आणि ६ महिने), इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटीबॉडींचं इंजेक्शन) लागेल का ते विचारा, धनुर्वाताचंही बघा. एचआयव्ही, बी आणि सी तिन्हींची तपासणी आजच करून ठेवा. जखम साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, डेटॉल ओतायचं नाही. आणि मावशींना धीर द्या, बिचाऱ्या घाबरल्या असतील.

कर्वेनगरकर
माझं काम रुग्णालयांच्या कागदपत्रांचं. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम २०१६ काढून मॅनेजरसमोर ठेवा. जागा ज्याच्या ताब्यात, जबाबदारी त्याची, बोर्डवर नाव काहीही असो. त्यात आरोग्य कर्मचारी 'आणि इतर' असे शब्द आहेत, म्हणजे कचरा हाताळणारा प्रत्येक माणूस. त्यांना हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस, हातमोजे-बूट, प्रशिक्षण, कामावर घेताना आणि मग वर्षातून एकदा तपासणी, हे सगळं मालकाने द्यायचं. त्यामुळे पेरोलचं कारण चालत नाही. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदाही तिथे काम करणाऱ्या सर्वांबद्दल बोलतो. सगळं लेखी द्या, वेळ आणि जागा घालून, पोच घ्या. नाहीच ऐकलं तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करता येते.

वारजे_अटेंडंट
सिस्टर, लेखी दिलं की मावशींचंच काम जातं, मी पाहिलंय. अर्जावर सही तुमची करा, त्यांचा अंगठा घेऊ नका.

सिंहगडरोड_सिस्टर
आत्ताच ससूनहून परतलो. गोळ्या सुरू झाल्या, लसीचा पहिला डोस झाला. वारजेवाल्या ताई, तुमचं पटलं. अर्ज माझ्याच नावाने दिला, पोच घेतली. मालकांनी मावशींचा आजचा खाडा धरणार नाही असं कबूल केलंय, गोळ्यांच्या दिवसांचं अजून बोलायचंय. सुया टाकायचे पांढरे डबे दोन्ही मजल्यांवर हवेत हेही लिहिलंय. इन्सुलिन सिरिंजची सुई निघत नाही, तेव्हा अख्खी सिरिंजच त्यात जायला हवी, टोपण परत न लावता, आणि टोचणाऱ्यानेच टाकायची. आमच्याकडे डबा खाली स्टोअरमध्ये आणि पेशंट वर, मग रात्रपाळीची मुलगी हाताला लागेल त्या पिशवीत टाकते. तिला एकटीला मी दोष देणार नाही. उद्या दोन्ही पाळ्यांना एकत्र बसवून दाखवते. आयसीसिस्टर, लसीनंतर अँटीबॉडी तपासायची ती शेवटच्या डोसनंतर किती दिवसांनी?

आयसीसिस्टर_पुणे
१ ते २ महिन्यांनी. अँटीबॉडीची पातळी १० mIU/mL किंवा त्याहून जास्त आली की निर्धास्त. इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल तर तपासणी कधी करायची ते डॉक्टरांना विचारून घ्या.