मोटरसायकलच्या पुढच्या चाकाचं बेअरिंग घरी बदलायचं नाही, हे कुणी ठरवलं?

सोळाचा पाना:

परवा एकाने लिहिलं, "पुढचं चाक म्हणजे जीव. त्याची बेअरिंगं घरी बदलणारे स्वतःबरोबर दुसऱ्यालाही मारतील. ज्याचं काम त्यानेच करावं." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

अकरा वर्षांपूर्वी मीही "ज्याचं काम त्यानेच" म्हणत गाडी गॅरेजात दिली होती. नवीन बेअरिंगं पडली, गाडी घरी आली आणि हजार किलोमीटर व्हायच्या आत पुढून घरघर सुरू झाली. चाक स्वतः उतरवलं. हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्याच्या, पोटात दोन बेअरिंगांच्या मधे नळीसारखा स्पेसर असतो ना, तो आत नव्हताच. काढताना बाहेर पडला असणार आणि परत घालायचा राहिला. बेअरिंग म्हणजे आत एक, बाहेर एक अशा दोन रिंगा आणि मधे पोलादी छर्रे. एक्सलचा (चाक ज्यावर फिरतं त्या दांड्याचा) नट आवळला की तो दाब एका बेअरिंगच्या आतल्या रिंगेतून स्पेसरमधे आणि तिथून दुसऱ्या आतल्या रिंगेत जायला हवा. मधे स्पेसरच नसेल तर दोन्ही आतल्या रिंगा एकमेकींकडे ओढल्या जातात, छर्रे कडेला चेपले जातात आणि बेअरिंग पहिल्या दिवसापासून मरायला लागतं. तेव्हापासून घरातल्या सगळ्या गाड्यांची बेअरिंगं मीच बदलतो.

यात जादू काही नाही. गाडी पक्की टेकवून पुढचं चाक अधांतरी करा. एक्सल काढा, ऑईल सील काढा. लांब पंच (ठोकायची पोलादी सळई) आत घालून स्पेसर जरा बाजूला सरकवा, पलीकडच्या बेअरिंगच्या आतल्या रिंगेची कड दिसेल. तिच्यावर गोल फिरवत फिरवत ठोकत या, एकाच जागी ठोकलं तर ते तिरकं अडकतं. असं निघालेलं बेअरिंग पुन्हा वापरायचं नाही, कारण सगळा मार छर्‍यांतून गेलेला असतो. एक गेलं असलं तरी दोन्ही बदला, सीलही नवीन घाला. नवीन बसवताना फक्त बाहेरच्या रिंगेवर टेकेल असा पान्याचा सॉकेट घ्या आणि एक बाजू झाली की स्पेसर घालून दुसरी, दोन्ही बेअरिंगं तळाला लागेपर्यंत सरळ आत न्या. एक्सल पुसून ग्रीसचा हात फिरवा, नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला, म्हणजे तिथे दिलेल्या जोराइतकाच, आवळा. संपलं.

ज्याला चाक काढून पंक्चर काढता येतं त्याला हेही जमतं. भीती घालणं बंद करा.

हळू चालवणारा:

ती पोस्ट माझीच, आणि तिच्यातला एकही शब्द मागे घेत नाही.

तुमच्या गॅरेजने स्पेसर विसरला, वाईट झालं. माझ्या मेहुण्याने घरी काय केलं ते ऐका. बेअरिंग निघेना म्हणून त्याने पंचाऐवजी स्क्रूड्रायव्हर घातला. तो घसरला आणि हबच्या भिंतीला आतून खोल चरा पडला. नवीन बेअरिंग थोडं तिरकं गेलं, त्याने जोर लावून तसंच बसवलं. चार महिन्यांनी बाहेरची रिंग हबातच फिरायला लागली. ॲल्युमिनियम खाल्लं गेलं, भोक मोठं झालं. बेअरिंग वाचवायला गेला आणि अख्खं चाक बदलावं लागलं. नशीब, हे वळणावर कळलं नाही.

गॅरेजात चूक होत नाही असं मी म्हणालोच नव्हतो. तिथे चूक झाली तर जाब विचारायला माणूस असतो, काम झाल्यावर दुसरं कुणीतरी गाडी फिरवून बघतं. घरी तुम्हीच करणारे आणि तुम्हीच तपासणारे. ज्याला आपली चूक कळत नाही तो ती तपासणार कशी?

रोजची ऐंशी किमी:

जाब विचारला होता मी. तीन वेळा.

माझा पुढचा ब्रेकचा लिव्हर अधूनमधून लांब जायचा. खडबडीत रस्ता संपला की पहिला दाब जवळजवळ ग्रिपला टेकायचा, दुसऱ्या दाबाला व्यवस्थित. तीनदा ब्रेकची हवा काढून दिली, तिसऱ्यांदा तर "मॅडम, तुमच्या दाबण्यात फरक आहे" असं ऐकवलं. शेवटी मी स्वतः गाडी उभी केली, चाक वरून आणि खालून धरून आडवं हलवलं. कट्-कट्. बेअरिंग गेलं होतं. चाक डुगडुगलं की ब्रेकची डिस्क पॅडना मागे ढकलते, म्हणून पुढचा पहिला दाब पोकळ जातो. रोज ऐंशी किलोमीटर जाते मी, आणि महिनाभर त्या ब्रेकवर गेले.

तेव्हा "दुसरी नजर" वगैरे मला सांगू नका. मला त्या दिवशी कळलं ते एका हाताच्या तपासणीने कळलं. एवढं मात्र बघा की चाक धरून हलवताना प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला तर लगेच बेअरिंगवर खापर फोडू नका. फोर्कचे, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांचे, दोन्ही पाय खालून धरून पुढेमागे हलवा. तिथेही खट् लागलं तर हँडलचा कोनसेट (हँडल ज्यावर वळतं ती बेअरिंगं) ढिला असू शकतो. आणि चाक काढलंच आहे तर बोट आतल्या रिंगेत घालून फिरवा. चांगलं बेअरिंग लोण्यासारखं फिरतं, गेलेल्यात वाळू असल्यासारखी लागते.

चिखलातला:

कोण बदलणार यावर भांडताय, पण बेअरिंग जातंच कशाने ते कुणी बोलत नाही. पाण्याने जातं! गाडी धुणारे ती जोराच्या पाण्याची बंदूक थेट हबवर धरतात. सीलचा ओठ धूळ आणि शिंतोडे अडवायला असतो, ती धार अडवायला नाही. त्यात लांबून आलेला गरम हब, वर गार पाणी. आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढून घेते. मी हजारदा सांगितलं आहे, हबला बादली आणि कापड, बस.

आणि दुसरं, नवीन बेअरिंग मी कधीच तसंच बसवत नाही. रबरी सील पातळ पात्याने उचकायचं, आत ग्रीस ठासून भरायचं, सील परत दाबायचं. कंपनीवाले आत बोटभरही ग्रीस घालत नाहीत. माझी बेअरिंगं ओढे-नाले ओलांडून पाच-पाच वर्षं टिकतात.

लेथवाला:

धुण्याचं पटलं. दुसऱ्या परिच्छेदाने डोकं फिरलं.

बेअरिंगमधे ग्रीस कमी दिसतं कारण तेवढंच घालायचं असतं. मोकळ्या जागेच्या साधारण पाव ते तिसरा हिस्सा. ठासून भरलं की छर्रे ते घुसळत बसतात आणि बेअरिंग तापतं. बावीस वर्षं बेअरिंग बसवतोय मशीनवर. जास्त ग्रीसने गेलेली बेअरिंगं पोतंभर दाखवतो.

चिखलातला:

मशीनवर! तुमचं मशीन किती फेऱ्यांनी फिरतं आणि माझं चाक किती? चाकाचा घेर दोन मीटर धरा. ताशी ऐंशीला मिनिटाला सातशेच्या आत फेऱ्या होतात. त्या मापाचं बेअरिंग हजारोंच्या फेऱ्या सोसतं. सातशेला काय घुसळणार आणि काय तापणार? तासभर पळवून हबला हात लावा, मग बोला. वर्कशॉपचा नियम रस्त्यावर आणून आम्हाला अडाणी ठरवू नका.

लेथवाला:

अडाणी म्हणालो नाही, तुम्ही ओढवून घेताय.

बरं, फेऱ्यांचा मुद्दा खरा आहे. सातशेला जास्तीचं ग्रीस घातक नाही, हे मान्य करतो. पण तुम्ही जे पातं घालता त्याचं काय? सीलचा ओठ आतल्या रिंगेवर केसाएवढ्या दाबाने टेकलेला असतो. त्याला टवका गेला की तुम्हीच पाण्याला दार उघडून दिलं. आणि आतलं मूळ ग्रीस कुठल्या जातीचं ते न बघता वर दुसरं भरलंत तर? लिथियमचं आणि पॉलियुरियाचं बऱ्याचदा जमत नाही. मिसळून पातळ होतं आणि वाहून जातं. भरायचंच असेल तर जुनं पूर्ण धुऊन, वाळवून, मग एकाच जातीचं भरा. आणि हे फक्त रबरी सीलवाल्याला, म्हणजे ज्याच्या नंबरापुढे २आरएस असतं. झेडझेडला पत्र्याची ढाल असते, ती उचकली की वाकली.

चिखलातला:

पाच वर्षं टिकलेलं बेअरिंग माझ्या हातात आहे. तुमची जात-पात त्याला माहीत नाही.

लेथवाला:

एक बेअरिंग टिकलं म्हणून पद्धत बरोबर ठरत नाही.

चिखलातला:

एक नाही, सहा! तीन गाड्या! आणि तुम्ही एकदा तरी गाडी चिखलात घातली आहे का?

रोजची ऐंशी किमी:

अहो, दोघंही थांबा. सहा प्रतिसाद ग्रीसवर गेले. पातं घालायचं नसेल त्याने ऑईल सीलच्या ओठावर ग्रीस लावावं, म्हणजे सील आणि बेअरिंगच्या मधेही पाणी थांबत नाही. याला तरी दोघांची हरकत नसावी.

चिखलातला:

हरकत नाही. सील बदलताना ते करतोच मी. पण माझं बेअरिंग मी उघडणार.

दोन चाकं:

उशिरा आलो. माझं दुखणं वेगळं आहे. सगळे हातोडीवरच का असतात? हब गरम करा. ॲल्युमिनियम तापलं की स्टीलच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. बेचाळीस मिलीमीटरचं भोक ऐंशी अंशांनी तापवलं तर साधारण ०.०७ मिमी उघडतं. बेअरिंग रात्रभर फ्रीझरमधे ठेवलं तर तेही ०.०२ मिमी आकसतं. बसवताना ते हाताने दाबूनही आत जातं. हीट गन घ्या, थेट ज्योत नको, रंग आणि सील दोन्ही जातील. आधी सील काढा, टायर आणि डिस्क सांभाळा. ज्याला फ्रीझर नाही त्याने लांब बोल्ट, दोन जाड वॉशर आणि नट घेऊन ओढून बसवावं. हातोडी लागतच नाही.

आणखी एक. चाक जमिनीवर आडवं टाकताना डिस्क खाली करून टाकू नका, लाकडाच्या दोन ठोकळ्यांवर ठेवा. माझी डिस्क अशीच वाकली, ब्रेक लावला की हँडल थरथरायचं. आणि चाक बाहेर असताना घरातलं कुणी ब्रेकचा लिव्हर दाबणार नाही असं बघा. माझ्या मुलाने दाबला, पिस्टन बाहेर आले, ते मागे ढकलण्यात दुपार गेली.

लेथवाला:

ग्रीसच्या भांडणात मी मूळ लेख नीट वाचलाच नव्हता. आत्ता वाचला. सोळाचा पाना, तुमच्या लेखात एक चूक आहे आणि ती साधी नाही.

"दोन्ही बेअरिंगं तळाला लागेपर्यंत." नाही! पहिलं तळाला लागेपर्यंत, बरोबर. दुसरं फक्त स्पेसरला टेकेपर्यंत. बहुतेक हबांत स्पेसर दोन खांद्यांमधल्या (बेअरिंग आत जिथे टेकतं त्या कडांमधल्या) अंतरापेक्षा किंचित लांब असतो, म्हणजे दुसऱ्या बेअरिंगला तळ लागायचाच नसतो. तुम्ही सॉकेटने बाहेरची रिंग ठोकत राहिलात तर आतली रिंग स्पेसरवर अडते आणि बाहेरची पुढे जाते. पुन्हा छर्रे कडेला चेपले. स्पेसर विसरल्यावर जे होतं तेच, फक्त दिशा उलटी.

ठोकताना आवाज बदलला की थांबा, बोटाने फिरवून बघा. बसवण्याआधी जितकं मोकळं होतं तितकंच मोकळं हवं. स्पेसर आत लटपटत नसावा, पण बोटाने जोर दिला तर जरा सरकावा.

हळू चालवणारा:

आता काय म्हणायचं? अकरा वर्षांचा अनुभव, स्पेसर विसरणाऱ्या गॅरेजला शिव्या, आणि स्वतःच्या लेखात तीच चूक दुसऱ्या दाराने. चोवीस तास हा लेख तसाच पडून होता. आम्ही सगळ्यांनी वाचला, मीही वाचला, आणि ग्रीसवर भांडत बसलो. या मधल्या काळात कुणी वाचून सॉकेट लावला असेल तर? मी हेच म्हणत होतो. घरी दुसरी नजर नसते.

सोळाचा पाना:

चूक माझीच आहे. रात्री वाचलं तेव्हा वाटलं, मी तर असं करत नाही. सकाळी चाक काढून बघितलं. करत नाहीच. हाताला कळतं कुठे थांबायचं, पण लिहिताना "तळाला" लिहून गेलो. जे हातात होतं ते शब्दांत आलं नाही, आणि वाचणाऱ्याकडे माझा हात नाही, माझे शब्दच आहेत. मूळ वाक्य दुरुस्त करतो आहे, लाल अक्षरांत.

पण हळू चालवणारा, तुमचं सगळं मान्य करणार नाही. ही चूक पकडली कुणी? लेथवाल्यांनी, इथेच. माझ्या गाडीत स्पेसर नव्हता तेव्हा कुणाच्याच नजरेला ते पडलं नव्हतं. दुसरी नजर हवी हे खरं. ती गॅरेजातच मिळते हे खरं नाही.

हळू चालवणारा:

इथे ती मिळाली कारण तुम्ही लेख लिहिलात. माझ्या मेहुण्याने लिहिला नव्हता. तेवढं धरा लक्षात.

रोजची ऐंशी किमी:

दुरुस्त करताच आहात तर शेवटचं "संपलं" पण काढा. त्यानंतर दोन कामं राहतात. एक्सल चिमटणारा बोल्ट असेल तर तो आधी आवळायचा नाही. नट आवळा, चाक जमिनीवर आणून फोर्क चार-पाच वेळा दाबून सोडा, म्हणजे पाय आपापल्या जागी येतात, मग तो बोल्ट. आणि गाडी हलवायच्या आधी ब्रेकचा लिव्हर कडक होईपर्यंत दाबा. पॅड मागे गेलेले असतात. पहिल्याच वळणावर ते कळू नये.

सोळाचा पाना:

घालतो. "संपलं" काढतो.