आयटीआयमध्ये कोणता ट्रेड ठेवावा, कोणता सुरू करावा : परिसरातील उद्योगांची गरज कशी ओळखावी?

प्रश्न – निवृत्त अधिव्याख्याता

नमस्कार. तंत्रनिकेतनातून निवृत्त झाल्यावर आमच्या तालुक्यातील शासकीय आयटीआयच्या संस्था व्यवस्थापन समितीवर शिक्षणक्षेत्राचा प्रतिनिधी म्हणून माझी नियुक्ती झाली आहे. संस्था छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, वाळूज औद्योगिक वसाहतीपासून एसटीने तासाभराच्या अंतरावर आहे. इलेक्ट्रिशियनच्या जागा प्रवेशाच्या पहिल्याच फेरीत भरतात. टर्नरच्या (लेथवर धातूचे भाग कातणाऱ्या कारागिराच्या) तुकडीत मात्र शेवटच्या फेरीनंतरही जागा उरतात. असे असूनही वाळूजचे लघुउद्योजक भेटले की टर्नर आणि सीएनसी (संगणकनियंत्रित यंत्र) ऑपरेटर मिळत नाहीत अशीच तक्रार करतात.

टर्नरची तुकडी बंद करून तिच्या जागी ‘मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल’ हा दोन वर्षांचा ट्रेड सुरू करावा, असा प्रस्ताव समितीपुढे आला आहे. टोयोटा किर्लोस्करने जुलै २०२४ मध्ये आमच्या जिल्ह्यात वाहननिर्मितीचा कारखाना उभारण्यासाठी राज्य शासनाशी सामंजस्य करार केल्यापासून बिडकीन परिसराविषयी लोकांच्या अपेक्षा वाढल्या आहेत आणि पालकांचा कलही तिकडेच आहे. परंतु संलग्नता, निदेशकांची पदमंजुरी आणि यंत्रसामग्रीची खरेदी यांत जाणारा काळ धरला, तर पहिली तुकडी बाहेर पडायला चार वर्षे सहज लागतील. आज वर्तमानपत्रात दिसणाऱ्या मागणीवर इतका लांबचा निर्णय घ्यावा का, आणि घ्यायचा नसेल तर मागणी नेमकी कुठे आणि कोणाला विचारून समजून घ्यावी? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ – शिल्प निदेशक, टर्नर ट्रेड

सर, तुकडी बंद करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. प्रस्तावामध्ये एक गल्लत दिसते. मेकॅनिक इलेक्ट्रिक व्हेइकल हा ट्रेड मुख्यतः वाहनांची देखभाल आणि दुरुस्ती शिकवतो. त्यातून तयार झालेल्या मुलाची जागा प्रामुख्याने सर्व्हिस सेंटरमध्ये असते. वाहने बनवणाऱ्या कारखान्याला फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन, टूल अँड डाय मेकर आणि मेंटेनन्सची माणसे लागतात, मग ते वाहन डिझेलवर चालणारे असो वा बॅटरीवर. कारखाना येणार म्हणून त्या कारखान्याच्या उत्पादनाचे नाव असलेला ट्रेड सुरू करणे म्हणजे त्याची गरज ओळखणे नव्हे.

टर्नरविषयी एक उदाहरण देतो. सीएनसीवर २५ मिमी व्यासाचा शाफ्ट लागला आहे आणि टॉलरन्स (मापातील चालणारा फरक) ०.०२ मिमीचा आहे. पाळीच्या सुरुवातीला जॉब (तयार होणारे भाग) बरोबर येतात. इन्सर्ट, म्हणजे कातणारे पाते, झिजू लागतो तसा व्यास हळूहळू वाढत जातो. ज्याने साध्या लेथवर हाताने कट देऊन मायक्रोमीटरने माप घेतले आहे, तो मुलगा वाढीचा कल ओळखून एक्स ऑफसेट (यंत्रात भरायची व्यासाची दुरुस्ती) वेळीच उणे करतो, आणि इन्सर्ट कधी बदलायचा हेही त्याला समजते. ज्याला फक्त सायकल स्टार्टचे बटन दाबायला शिकवले आहे, त्याचा अख्खा ट्रे तपासणीत नापास होईपर्यंत त्याच्या काही लक्षात येत नाही. वाळूजला तुटवडा आहे तो या पहिल्या प्रकारच्या मुलांचा. अडचण अशी की अनेक संस्थांमध्ये लेथ आहेत, पण सीएनसी एक तर नाही किंवा देखभालीअभावी बंद पडून आहे. त्यामुळे तुकडी बंद करण्याऐवजी, तिला ड्युअल सिस्टीम ऑफ ट्रेनिंगखाली आणता येईल का ते पाहावे. २०१६ पासून ही सोय आहे. पाया संस्थेत घडतो, अभ्यासक्रमातील काही महिने विद्यार्थी कंपनीच्या यंत्रांवर काढतो आणि संस्थेला प्रत्येक नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही.

उत्तर २ – वाळूजचा लघुउद्योजक

वरील उत्तराशी मी सहमत आहे, मात्र चित्राची दुसरी बाजूही समितीपुढे यायला हवी. आमच्यासारखे अनेक पुरवठादार दुचाकी आणि तीनचाकींच्या इंजिन व गिअरबॉक्सचे भाग बनवतात. बॅटरीवरच्या वाहनात पिस्टन नाही, क्रँकशाफ्ट नाही, गिअरही मोजकेच. त्यामुळे दहा वर्षांनी आमच्याकडे आजच्याइतकेच मशिनिंग असेल असे मी छातीठोकपणे सांगणार नाही. म्हणूनच मुलाला एका यंत्राऐवजी मापन, ड्रॉइंग वाचन आणि धातूंची ओळख पक्की यायला हवी. तो औषध कंपनीच्या मेंटेनन्समध्येही उभा राहू शकतो.

उद्योजकांच्या तक्रारीबद्दलही प्रामाणिकपणे बोलले पाहिजे. ‘मुले मिळत नाहीत’ या वाक्याचा अर्थ पुष्कळदा ‘ठेकेदारामार्फत, बारा तासांच्या पाळीत, या पगारावर मिळत नाहीत’ असा असतो. पालकांना हे पुरते ठाऊक आहे. इलेक्ट्रिशियनच्या जागा भरतात, कारण त्या प्रमाणपत्रावर महावितरणच्या विद्युत सहायक भरतीची आशा असते आणि ती फळली नाही तरी गावात वायरिंगचे स्वतःचे काम करता येते. टर्नरला स्वतःचा लेथ घ्यायचा तर भांडवल लागते. मुलांचा कल चुकीचा आहे असे म्हणण्याआधी त्यामागचा हा हिशेब समितीने मान्य करावा.

म्हणून कंपन्यांना ‘तुम्हाला किती मुले लागतील’ असे विचारू नका. त्या प्रश्नाला प्रत्येक जण मोठा आकडा सांगतो, कारण सांगायला खर्च येत नाही. गेल्या वर्षी आयटीआयची किती मुले घेतली, कोणत्या यंत्रावर, पहिला पगार किती होता, वर्षअखेर त्यांतील किती टिकली आणि यंदा किती शिकाऊ उमेदवारांचे करार करायला तयार आहात, हे विचारा. ३० किंवा अधिक मनुष्यबळ असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. त्यामुळे उत्तरातला किती भाग खरा आहे हे कराराच्या आकड्यावरून लगेच कळते.

उत्तर ३ – केंटकीतून, मूळचा पैठणचा

मी अमेरिकेत केंटकी राज्यात उत्पादन क्षेत्रात काम करतो. इथे आयटीआयच्या जवळपासचे काम कम्युनिटी कॉलेजे करतात आणि हाच प्रश्न त्यांच्यापुढेही असतो. २०१८ च्या केंद्रीय कायद्यानुसार व्यवसाय शिक्षणासाठी निधी घेणाऱ्या संस्थांना दर दोन वर्षांनी स्थानिक गरजांची पाहणी करावी लागते आणि त्या पाहणीशी अभ्यासक्रम जुळतात हे दाखवावे लागते.

परंतु मला अधिक शिकण्यासारखे वाटते ते जॉर्जटाउनचे उदाहरण. तिथे टोयोटाचा मोठा कारखाना आहे. २०१० मध्ये टोयोटा आणि ब्लूग्रास कम्युनिटी अँड टेक्निकल कॉलेज यांनी मेंटेनन्स तंत्रज्ञांसाठी पाच सत्रांचा अभ्यासक्रम सुरू केला. विद्यार्थी आठवड्यातून दोन दिवस वर्गात आणि तीन दिवस कंपनीत पगारी काम करतो. वीज, हायड्रॉलिक्स, पीएलसी (यंत्रे चालवणारा औद्योगिक नियंत्रक), वेल्डिंग अशी अनेक अंगे एकत्र शिकवली जातात. पुढे अनेक कंपन्यांनी मिळून ‘फेम’ नावाचा संघ केला आणि प्रत्येक कंपनी आपापले विद्यार्थी प्रायोजित करू लागली. अभ्यासक्रम एका कंपनीच्या मर्जीवर राहिला नाही, आणि एखाद्या कंपनीची मागणी एखाद्या वर्षी घटली तरी तुकडी कोसळली नाही.

वाळूजमध्ये तीसपेक्षा कमी माणसांची अनेक युनिटे आहेत. त्यांच्यावर शिकाऊ उमेदवारांची सक्ती नाही आणि एकट्याने प्रशिक्षण देण्याची ताकदही नाही. आपल्या शिकाऊ उमेदवार कायद्यात एकाहून अधिक मालकांनी एकत्र येऊन प्रशिक्षण देण्याची मुभा आहे. ‘मसिआ’सारख्या लघुउद्योजकांच्या संघटनेने पाच-सहा युनिटांचा एक गट केला, तर आपल्या टर्नरच्या तुकडीला तो पुरेसा ठरावा.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. प्रस्ताव तूर्त पुढे ढकलून आधी कंपन्यांकडून वरील पाच प्रश्नांची लेखी उत्तरे मागवावीत, असे मी समितीला सुचवणार आहे. एक शंका उरते. सकाळची पाळी गाठायची तर पहिल्या एसटीच्या आधी निघावे लागते. मुलींच्या बाबतीत तर कंपनीतले महिने हाच मोठा अडसर होईल.

उत्तर ४ – शिकाऊ उमेदवारी समन्वयक

सर, ही शंका रास्त आहे, आणि ती करारातच सोडवावी लागते. कंपनीची बस कुठपर्यंत येईल, संस्थेतल्या मुलांसाठी सामान्य पाळीच ठेवता येईल का आणि मुलींच्या राहण्याची व्यवस्था कोण करील, हे मुद्दे सामंजस्य करारात लिहून घेतल्याशिवाय सही करू नका. तोंडी दिलेले आश्वासन नवा एचआर मॅनेजर आला की संपते.

याशिवाय, परिसर म्हणजे केवळ एमआयडीसी असे धरू नये. आपल्या तालुक्यात शासनाच्या योजनांमधून सौर कृषी पंप बसत आहेत. कंट्रोलर बिघडला की शेतकऱ्याला पुरवठादाराच्या माणसाची वाट पाहावी लागते, आणि भर हंगामात पाण्यावाचून गेलेले आठ दिवस पिकाला परवडत नाहीत. इलेक्ट्रिशियन आणि वायरमनच्या मुलांना सौर पंपाच्या दुरुस्तीचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम जोडून दिला, तर नव्या पूर्ण ट्रेडची वाट न पाहता काम सुरू होऊ शकते. ज्या मुलींना वाळूजला रोज जाणे शक्य नाही, त्यांनाही हे काम तालुक्यातच करता येईल. समितीच्या कार्यक्रमपत्रिकेवर टर्नरच्या विषयासोबत हाही विषय घ्यावा, अशी विनंती.